अर्ज जरूर करा; पण जूनचा हप्ता भरू नका

प्रश्न: मुलगी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आधी पुण्यात बी.ए.चं एक वर्ष केलं होतं. ते क्रेडिट तिथे नुसते ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक विषय) म्हणून धरले, त्यामुळे जनरल एज्युकेशनचे (सगळ्या शाखांना सक्तीचे सामान्य विषय) तीन विषय बाकी आहेत: साहित्य-तत्त्वज्ञान, कला आणि अमेरिकेचा इतिहास. उन्हाळ्यात तिथेच घेतले तर ९,००० डॉलर लागतील. पुण्यातले विषय त्यांच्या जागी धरावेत असा अर्ज करावा, की एफडी मोडावी? शैक्षणिक कर्ज ४० लाख, ११.५ टक्क्यांनी. कर्जासोबत घ्यावी लागलेल्या गॅरंटीड पॉलिसीचा अडीच लाखांचा तिसरा हप्ता जूनमध्ये आहे. माझा दुसरा विमा नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर: एफडी मोडू नका, अर्ज करा. मात्र तीनही विषय सुटतील असं धरून चालू नका. टेक्सासमध्ये जनरल एज्युकेशनचा गाभा ४२ क्रेडिटचा असतो आणि त्यातला अमेरिकी इतिहास राज्याच्या कायद्यानेच सक्तीचा आहे. पुण्यातला कुठलाच पेपर त्याच्या जागी बसणार नाही. तो विषय कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारं स्थानिक सरकारी कॉलेज) करावा, तिथली फी बरीच कमी असते. फक्त क्रेडिट धरले जातील हे तिच्या विद्यापीठातल्या ॲडव्हायझरकडून आधी लेखी घ्यावं.

उरलेल्या दोन विषयांसाठी अर्जाला अर्थ आहे. गुणपत्रिकेवर पेपरचं नुसतं नाव असतं, तेवढ्यावर विभागप्रमुख सही करत नाहीत. प्रत्येक पेपरचा त्या वर्षाचा अभ्यासक्रम, तासिका, पुस्तकांची यादी आणि परीक्षेचं स्वरूप इंग्रजीत, कॉलेजच्या शिक्क्यानिशी हवं. पुण्याला तुम्हीच जा, फोनवर हे काम होत नाही. पुण्यातले क्रेडिट पदवीच्या एकूण बेरजेत आधीच धरलेत का, हेही मुलीला विचारा. पुण्यातले विषय या विषयांच्या जागी धरले गेले तरी बेरीज वाढत नाही. ती कमी पडत असेल तर तेवढे तास कुठेतरी भरावेच लागतील.

सगळं जमलं तर डॉलर ९० रुपये धरून आठ लाखांतले बहुतेक वाचतील.

आता तुम्ही न विचारलेलं. कर्ज मंजूर करायचं तर पॉलिसी घ्या, असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी तुमची अडचण ओळखून गळ्यात माल मारला. अशा पॉलिसीतून साडेपाच टक्क्यांच्या आसपास सुटतात. म्हणजे साडेअकराने कर्ज घेऊन तुम्ही साडेपाचने गुंतवताय. दहा हप्ते भरलेत तर दहाव्या वर्षाअखेर सुमारे ३४ लाख होतील. आज पॉलिसी सरेंडर करून (मुदतीआधी बंद करून) समजा दोन लाख हाती आले, ते आणि पुढचे आठ हप्ते कर्जात भरले, तर त्याच मुदतीत सुमारे साडे-अडतीस लाखांचं ओझं उतरतं. भरलेल्या पाच लाखांतले तीन लाख बुडाले हे धरूनच हा हिशेब आहे. जुन्या आयकर प्रणालीत असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, फरक थोडा कमी होईल. निर्णय बदलणार नाही.

शिवाय ४० लाखांचं कर्ज डोक्यावर असताना तुमचं विमाछत्र हप्त्याच्या दहापट, म्हणजे २५ लाख. तुम्हाला काही झालं तर उरलेलं मुलीने आणि तिच्या आईने फेडायचं. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

‘डॉलरमध्ये कमावेल, दोन वर्षांत फेडेल’ असंही तुम्ही लिहिलंय. शिक्षणानंतर कामाची मुभा मुळात एकच वर्ष आहे, पुढचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लॉटरीवर. तिची पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत बसली तर मुभा आणखी दोन वर्षं वाढते. अर्थशास्त्राच्या काही पदव्या बसतात, काही नाही. आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) अभ्यासक्रमाचा कोणता कोड आहे ते तिने आजच पाहावं. परतफेडीचा बेत मात्र तुमच्याच पगारावर आखा आणि आतापासून निदान दरमहाचं व्याज भरत राहा. ते सुमारे ३८ हजार होतं.

क्रम चुकवू नका. आधी एक कोटीचा टर्म विमा. तो हातात पडल्यावर विमा कंपनीकडून सरेंडरचा आकडा लेखी मागा, आणि मग जूनचे अडीच लाख कर्जाच्या खात्यात भरा.