लॅकर वाळू दे, मग स्क्रू

भावा, इलेक्ट्रिक गिटारची बॉडी झकास कापलीयस, पण जुलैत लॅकर मारायची गडबड करू नकोस. आपल्याकडचा पाऊस माहितीय न्हवं? एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर वाळताना हवेतला दमटपणा धरतं आणि पांढुरकं पडतं. माझी पहिली गिटार पिठात लोळल्यागत दिसायची. उघडीप मिळेपर्यंत थांब, नाहीतर सरळ डबल बॉइल लिनसीड तेलाचे पातळ हात दे. त्याला दिवस लागतात, पण पांढरं पडायची भीती नाही. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेटतात. पसरून वाळत घाल.

लॅकर वाळलं का ते नाकानं बघ. वास येतोय तोवर घासायचा वॉटर पेपर लावायचा नाही.

ब्रिजचं (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) भोक पाडण्याआधी नटापासून (नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरची आडवी धातूची पट्टी) मोज. तुझा स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६४८ मिमी, म्हणजे तिथं निम्मं, ३२४ यायला पाहिजे. पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढं आणून ६४८ वर ठेव. बाकीच्यांना मागं सरकायला जागा लागते. दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणून तो नेकच्या कडांशी जुळतोय का बघ, मगच ड्रिल.

स्क्रूला आधी बारीक भोक आणि मेणबत्तीचं मेण. सागवानात माझ्या एका स्क्रूचं डोकंच तुटलं, अर्धा दिवस गेला.

वायरिंग सोपं आहे. फक्त ब्रिजखालची अर्थची वायर विसरू नकोस, नाहीतर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.