क्लच बेअरिंग पुन्हा वाजू लागले आणि गॅरेजने गाडी अडवली

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात राहते. क्लचचे पेडल दाबले की माझ्या गाडीतून घरघर ऐकू येई आणि पेडल सोडले की ती थांबे. कोल्हापूरच्या एका गॅरेजने रिलीज बेअरिंग बदलण्याचा खर्च तोंडी साडेनऊ हजार सांगितला. गिअरबॉक्स उतरवल्यावर ‘क्लच प्लेट, प्रेशर प्लेटही गेली आहे, पूर्ण सेट टाकावा लागेल’ असा फोन आला आणि मी ‘टाका’ म्हटले. २३,४०० रुपये यूपीआयने भरले. बिलाऐवजी नुसती रकमेची चिठ्ठी मिळाली आणि जुने भाग दाखवले नाहीत. पाच आठवड्यांत, ८०० किलोमीटरही झाले नसताना, अणुस्कुरा घाटात तोच आवाज सुरू झाला. गाडी परत नेली, तर ‘तुम्ही हाफ क्लचवर चालवता’ असे म्हणून पुन्हा उघडण्याचे ११,००० रुपये आगाऊ मागतात. मी नकार दिल्यापासून रोजचे २०० रुपये जागाभाडे भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मी काय करावे?

उत्तर : आपला राग रास्त आहे, पण एक गोष्ट आजच करा. ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय आणि माझ्या किंवा माझ्या प्रतिनिधीच्या हजेरीशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये, तसेच आत बसवलेला कोणताही भाग बदलू अथवा टाकून देऊ नये’ असा संदेश गॅरेजमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि हाच मजकूर स्पीड पोस्टानेही धाडा. आपल्या प्रकरणाचा खरा साक्षीदार ते बेअरिंग आहे. ते एकदा भंगारात गेले की उरते ती केवळ आपली तक्रार आणि त्यांचा नकार, आणि अशा नुसत्या शब्दांच्या झगड्यात ग्राहकाचीच बाजू लंगडी पडते.

आपण आवाजाचे वर्णन नेमके केले आहे, हे फार बरे झाले. पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवतो, कारण पेडल दाबले की ते प्रेशर प्लेटच्या पात्यांवर टेकून भार घेते. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये असताना पेडल सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर जातो, आणि मग ‘आम्ही केलेल्या कामाशी याचा संबंध नाही’ असे गॅरेजला म्हणता येईल. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा पेडल दाबून आणि सोडून, दोन्ही वेळचा आवाज एकाच सलग व्हिडिओत घ्या आणि त्यातच किलोमीटरचा आकडाही दिसू द्या.

‘हाफ क्लच’चा, म्हणजे पेडल अर्धवट दाबून चालवण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. घाटात पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय क्लचला खरोखरच मारक असते आणि हा बचाव ग्राहक आयोगापुढे नक्की येईल. मात्र चालवण्यातला दोष एवढा मोठा असेल, तर नव्या क्लच प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर (ती प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चाकावर) जास्त तापल्याच्या खुणा दिसायला हव्यात. प्लेट धडधाकट आणि बेअरिंग मात्र खडखडते, असे निघाले, तर निकृष्ट सुटा भाग, चुकीची बसवणी किंवा झिजलेला क्लच फोर्क (बेअरिंग पुढे ढकलणारा दांडा) तसाच ठेवणे, ही कारणे अधिक पटण्याजोगी ठरतात. हे डोळ्यांनी पाहून लिहून देणारा तटस्थ जाणकार हवा. दुसऱ्या गॅरेजचा अनुभवी मेकॅनिक किंवा परवानाधारक वाहन सर्वेक्षक यांच्यासमोर, गॅरेजमालकाला आगाऊ लेखी कळवून, गिअरबॉक्स उतरवावा, काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि भाग पाकिटात घालून, त्यावर उपस्थितांच्या सह्या घेऊन आपल्याकडे ठेवावेत. सुट्या भागातील दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण त्यासाठी भाग हाती असावा लागतो.

आता अडवलेल्या गाडीविषयी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्या कारागिराला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. हा हक्क खरा आहे, पण तो केलेल्या कामापुरताच असतो. पहिल्या कामाचे पैसे आपण पूर्ण दिले आहेत आणि दुसरे काम सुरूच झालेले नाही, तेव्हा त्या ११,००० रुपयांसाठी गाडी अडवता येणार नाही. जागाभाडे हे गाडीवर केलेले काम नव्हे. आपण सही केलेल्या जॉब कार्डावर (गाडी घेताना गॅरेज भरते त्या कामाच्या कागदावर) तशी अट नसेल, तर माझ्या मते त्यासाठीही गाडी रोखण्याचा हक्क त्यांना पोहोचत नाही. मागूनही गाडी परत न दिल्यास, त्यानंतर तिचे जे नुकसान होईल त्याची जबाबदारी कलम १६१ प्रमाणे गॅरेजवर येते. गॅरेजला जी नोटीस द्याल, तीत हे स्पष्ट लिहा.

तरीही गाडीवाचून घरचे अडत असेल आणि भाड्याची रक्कम थोडी असेल, तर मी आपल्याला ती भरून गाडी सोडवायलाच सांगेन. भरताना ‘हक्क अबाधित राखून, हरकतीसह’ असे लिहून पावती घ्या. पावती देत नसतील तर यूपीआयने भरा आणि लगेच तसा संदेश पाठवा. ही रक्कम पुढे तक्रारीत मागता येते. पोलिसांकडे धाव घेतलीत, तर बहुधा हा दिवाणी वाद असल्याचे सांगून आपल्याला परत पाठवतील.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. पूर्ण सेटला आपण फोनवर होकार दिला आहे, त्यामुळे ‘साडेनऊचे तेवीस हजार केले’ या मुद्द्यावर भर देऊ नका. बेअरिंगपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि एवढी मजुरी पडणारच असेल, तर झिजलेली प्लेट त्याच वेळी बदलणे यात लबाडी नाही. लबाडीचा संशय येतो तो जुने भाग न दाखवल्यामुळे आणि बिल न दिल्यामुळे. विहित पद्धतीने बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पाच आठवड्यांत तोच दोष परत येणे ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. भागांची नावे, कंपनी आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे बिल आजच लेखी मागा. दिले नाही, तर तो नकारही पुरावाच आहे.

तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालण्याची गरज नाही. याच कायद्याच्या कलम ३४ मुळे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आपले प्रकरण रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे चालेल. मोबदला, म्हणजे आपण कामासाठी भरलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दूरदृश्य माध्यमातून सुनावणीसाठी अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, पण त्या भरवशावर राहू नका. गाडी तोवर मिळाली नसेल, तर तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली तिचा ताबा मिळण्यासाठी अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा. व्हॉट्सअ‍ॅप संदेशांसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र द्यावे.

आंब्याच्या हंगामात याच गाडीतून स्वतःच्या बागेच्या पेट्या नेत असाल, तर ते लपवू नका. ‘गाडी धंद्यासाठी आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असे गॅरेज म्हणू शकेल, पण मुख्य वापर घरगुती असेल, तर तेवढ्याने आपले ग्राहकपण जात नाही.

मागणी मोजकी ठेवा : भरलेले पैसे परत किंवा विनामूल्य दुरुस्ती, गाडी आणण्या-नेण्याचा खर्च, वाजवी नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च. आधी १५ दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पुष्कळ गॅरेजमालक नोटीस पाहून बोलणीला तयार होतात. ‘फुकट करून देतो, गाडी सोडून जा’ असा निरोप आला, तर कोणत्या कंपनीचे भाग बसवणार, काम कधी पूर्ण होणार, पुढे किती महिन्यांची हमी देणार आणि काढलेले भाग आपल्याला परत देणार की नाही, हे सहीनिशी लिहून घ्या आणि त्यानंतरच गिअरबॉक्सला हात लावू द्या.