पेनड्राइव्ह काढा, मग बोलू

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून घरातला सर्व्हर केलाय, सिस्टीम 120 जीबीच्या एसएसडीवर आणि फोटो 2 टीबीच्या यूएसबी हार्डडिस्कवर. परवा रात्री लाईट गेली, आली तेव्हापासून मशीन इमर्जन्सी मोडमध्येच जाऊन बसतं आणि रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागतं. आत जाऊन लॉग बघितला तर ‘बॅड सुपरब्लॉक’, म्हणजे डिस्कच्या मांडणीची मुख्य नोंदच खराब! भाचा म्हणतो डिस्क गेली, फॉरमॅट मार. मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत हो त्यात. बाकी काहीच बदललं नाहीये, फक्त गाणी कॉपी करायला लावलेला पेनड्राइव्ह मागे तसाच राहिलाय, त्याचा काही संबंध नसावा.

उत्तर : बहुतेक त्याचाच आहे. भाच्याला चहा द्या आणि कीबोर्डपासून लांब बसवा.

तुमच्या एफस्टॅब फाइलमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) हार्डडिस्क ‘एसडीबी1’ अशी लिहिलेली असणार, पैजेवर सांगतो. आता एसडीबी हा नुसता रांगेतला नंबर, मशीन चालू होताना जो आधी हजर होईल त्याला आधी मिळतो. पेनड्राइव्ह तुम्ही चालू मशीनला लावलात तेव्हा तो गपचूप एसडीसी झाला. लाईट जाऊन आल्यावर मात्र हार्डडिस्क घरघर करत फिरायला लागेपर्यंत पेनड्राइव्हने नंबर पटकावला, सिस्टीम त्यात ईएक्सटी4 ही लिनक्सची मांडणी शोधायला गेली, तिथे निघालं पेनड्राइव्हवरचं फॅट32, म्हणून सुपरब्लॉकच्या नावाने ओरडली. फॉरमॅट मारला असतात तर कोणाचा बळी गेला असता हे त्या दिवशीच्या नंबरावर होतं.

पेनड्राइव्ह काढून रीबूट करा, सुरू होईल. मग एलएसबीएलके मायनस एफ (lsblk -f) ही कमांड चालवा, हार्डडिस्कचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, मिळेल, एफस्टॅबमध्ये एसडीबी1 खोडून तो टाका आणि ऑप्शनमध्ये नोफेल (nofail) लिहा, म्हणजे उद्या डिस्क नसली तरी मशीन उठेल. नुसतं नोफेल लिहिलं तरी सिस्टीमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम, डिस्कची 90 सेकंद वाट बघू शकतं, ते नको असेल तर डिव्हाइस टाइमआउट 10 सेकंद करा. रीबूट करायच्या आधी डिस्क अनमाउंट करून (सिस्टीमपासून सोडवून) माउंट मायनस ए (mount -a) करायचं आणि फोटो दिसतात का बघायचं; यूयूआयडीत टायपो असेल तर नोफेलमुळे एरर येणार नाही, पण फोटोही दिसणार नाहीत. आणि स्मार्टसीटीएल (smartctl) या कमांडने डिस्कचे पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, शून्य आहेत ना तेवढं बघून घ्या, लाईट अशी अचानक गेल्यावर मी तरी बघतोच. पासवर्ड विचारला म्हणजे नशीब, इन्स्टॉल करताना रूटला पासवर्डच दिला नसेल तर डेबियन ‘रूट अकाउंट लॉक्ड’ म्हणून हात वर करतं आणि लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालू करता येतं तो) शोधत बसावं लागतं.

नोफेलची एक खोड आहे, ती पुढच्या पत्रात आलीच आहे.

प्रश्न : डिस्कवरची एकूण जागा सांगणारं डीएफ (df) म्हणतं एसएसडी पूर्ण भरली, फाइल मोजणाऱ्या डीयूने (du) मोजलं तर जेमतेम 20 जीबी. बाकीची जागा गेली कुठे?

उत्तर : तुमच्याकडे बॅकअपची वेगळी डिस्क नोफेलने लावलेली असणार. ती कधीतरी माउंट झाली नसेल, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नसेल, नोफेलमुळे मशीन तरीही उठलं, बॅकअपच्या स्क्रिप्टने बिनधास्त त्या रिकाम्या फोल्डरमध्ये म्हणजे एसएसडीवरच सगळं ओतलं, नंतर डिस्क वर येऊन बसली आणि खालचं झाकलं गेलं. रूट फोल्डर (/, इथे पासवर्डवाला रूट नव्हे) दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट करून, म्हणजे तिथेही जोडून, बघा, झाकलेलं दिसेल. साफ करा, मग डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचएटीटीआर प्लस आय (chattr +i, म्हणजे आत काही लिहायला बंदी) मारून ठेवा, पुढच्या वेळी डिस्क नसेल तर कॉपीच फेल होईल आणि तेच बरं. फोल्डर रिकामंच निघालं तर एलएसओएफ प्लस एल1 (lsof +L1) बघा, डिलीट केलेली एखादी लॉग फाइल कुठल्यातरी प्रोग्रामने धरून ठेवलेली असते, तो रीस्टार्ट केला की जागा सुटते.