वाडा पाहायला जाताय? आधी पाणी शोधा

जुने राजवाडे, देसाई-इनामदारांचे वाडे आणि त्यांच्या बागा पाहण्याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे, मुलगी सहावीत. बेळगावहून कित्तूरचा किल्ला आणि राजवाडा एका दिवसात निवांत पाहून होईल का? (टिळकवाडी, बेळगाव)

होईल, पण निघायची वेळ पाळा. कित्तूर हमरस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवर आहे. साडेसातला निघालात तर नऊच्या आत पोहोचता. राजवाडा आज भग्न आहे, डोक्यावर छत नाही. त्यामुळे ऊन चढायच्या आत अवशेष आणि ऊन चढल्यावर संग्रहालय, असाच क्रम ठेवा. बरेच जण उलटं करतात. सकाळचा गारवा संग्रहालयात जातो आणि साडेबाराच्या उन्हात म्हातारी माणसं तापलेल्या दगडांवर बसून राहतात. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

अवशेषांतल्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, धरायला कठडा सगळीकडे नाही. वडिलांना काठी द्या, दोघांनाही मागून पट्टा असलेली पादत्राणं द्या. चपला इथे नकोतच. आषाढ-श्रावणात दगडांवर शेवाळ धरतं, पावसानंतर गवत गुडघ्यापर्यंत वाढतं आणि त्यात साप असू शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. मार्चनंतर जाणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी गाडीतून सोबत न्या. पडक्या उंच भिंतींना आग्या मोहोळ लागतं. त्याच्या खाली थांबू नका, धूर करू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो. तो अवश्य पाहावा, पण वाडा नीट पाहायचा असेल तर हे तीन दिवस टाळा.

मुलीला निघण्याआधी एवढं सांगून ठेवा : २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या फौजेशी झालेल्या लढाईत धारवाडचा इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला. त्याच डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथेच २ फेब्रुवारी १८२९ ला तिचं निधन झालं. सेनानी संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. एवढं ठाऊक असलं की मूल पडक्या भिंतींकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

दुपारनंतर दोन वाटा आहेत. जवळच देगावचं कमलनारायण मंदिर आहे. गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधलेलं, बारीक कोरीवकामाचं. किंवा राणीची समाधी पाहायला बैलहोंगल. वयस्कर मंडळी सोबत आहेत म्हणून देगाव निवडा. दोन्ही करायला जाल तर दोन्हीकडे घाईच होईल. डब्याला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा पुरे. दहीभात उन्हात आंबतो.

प्रश्न : कित्तूरच्या वाड्यात ध्रुवतारा बघण्यासाठी झरोका आहे म्हणतात. मुलांना तो दिवसा कसा समजावून द्यावा? (शिक्षिका, खानापूर)

दिवसा तारा दिसणार नाही, पण झरोक्याची दिशा आणि कल तपासता येतो. ध्रुवतारा क्षितिजावर जवळजवळ तेवढ्याच अंशांवर दिसतो जेवढे त्या गावाचे अक्षांश असतात. कित्तूरचे अक्षांश साधारण १५.६. म्हणजे तारा उत्तरेला बराच खाली दिसायला हवा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. तेव्हा क्षितिजापासून दीड मूठ वर मोजायला सांगा. मोबाइलमधल्या होकायंत्राने उत्तर दिशा आधी पक्की करून घ्या, लोखंडी जाळीपासून लांब उभं राहून.

मोठ्या मुलांना आणखी एक सांगा. राणीच्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे पावणेदोन अंश दूर होता, आज तो एका अंशाच्याही आत आला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो म्हणून हा फरक पडतो. त्या वेळी तारा रात्रभरात आजच्यापेक्षा मोठी फेरी घालायचा.

प्रश्न : पडक्या वाड्यांत नुसते चौथरे आणि भिंती दिसतात. कुठे काय होतं हे ओळखायचं कसं? (चिकोडी)

आमचं सांगणं असं की सदर आणि दरबार शेवटी बघा. पहिल्यांदा विहीर किंवा आड शोधा आणि तिथून पाण्याच्या मागे चालत जा. वाड्याचा सगळा संसार पाण्याच्या वाटेवर मांडलेला असतो. माहितीच्या पाट्या मात्र दरबारापाशी असतात, म्हणून लोक तिथेच थांबतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात.

विहिरीच्या एका कडेला पुढे आलेले दगडी खांब आणि त्यामागे उतरती जमीन दिसली तर तिथे मोट चालत होती. उतार ही बैलांची धाव. मोट रिकामी व्हायची ते दगडी थारोळं. थारोळ्यातून पाट किंवा खापरी नळ निघतो, तो कुठे जातो ते पाहा. उंचावरच्या टाक्याकडे गेला तर पुढे न्हाणीघर, हौद किंवा कारंजं असणार. सरळ जमिनीलगत गेला तर बाग. कित्तूरच्या अवशेषांतही पाण्याची टाकी आणि न्हाण्यांची जागा ओळखू येते.

न्हाणीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती असते आणि तिथे मोरी असते. बाटलीतलं घोटभर पाणी ओतलं की उतार लगेच कळतो, मात्र संरक्षित वास्तूत आधी राखणदाराला विचारा. मोरीचं तोंड बाहेर जिथे निघतं तिथे केळी, अळू, कर्दळ लावत. परसबाग मागच्या बाजूला असे त्याचं हेच कारण. स्वयंपाकघर काजळीवरून, उखळाच्या खळग्यावरून आणि उंच धुरांड्यावरून सापडतं. कोठाराला खिडक्या लहान आणि वर असतात.

भिंतीत ठरावीक उंचीवर ओळीने चौकोनी खाचा असतील तर तिथे तुळया बसत होत्या, म्हणजे वर मजला होता. खाचांची एकच ओळ असेल तर एक मजला, दोन असतील तर दोन.

छपरावरून पाऊसमान कळतं. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे धो धो पाऊस, म्हणून तिकडे उतरती कौलं आणि रुंद वळचण. अथणीकडे पाऊस अगदी कमी, तिकडे माळवद : लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. दगडही बदलतो. पश्चिमेला जांभा, निपाणी-चिकोडीकडे काळा पाषाण, गोकाकच्या बाजूला तांबूस वाळूचा दगड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या वाड्यांना चुन्याचा गिलावा करत.

प्रश्न : कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहायला कुटुंबासह जाणार आहोत. आत संग्रहालय आहे हे माहीत आहे. बाहेरच्या आवारात आणि एकूणच राजवाड्यांच्या बागांत काय बघावं? (निपाणी)

निपाणीहून तास-सव्वा तासाचा रस्ता. मेजर मँट या वास्तुकाराने आखलेली ही इमारत १८८४ मध्ये पूर्ण झाली. काळा घडीव दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याचा वेळ बाहेर द्या.

बागेचं वय झाडं सांगतात. बकुळ, सोनचाफा, नागकेशर, सीतेचा अशोक ही इथली जुनी झाडं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला. दोन्ही आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली. ज्या वाड्याच्या बागेची रचना गुलमोहर, रॉयल पाम आणि हिरवळीच्या चौकोनांवर उभी आहे, ती इंग्रजी अमलातली किंवा त्यानंतरची आखणी समजा. देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिकेतून आलेला आहे, हे बहुतेकांना खरं वाटत नाही.

सीतेचा अशोक ओळखण्यात हमखास चूक होते. रस्त्याकडेला लावतात तो उंच, सरळ, कुरळ्या कडेच्या पानांचा अशोक वेगळा. सीतेच्या अशोकाला साधारण जानेवारी ते एप्रिल फांद्यांना लगडून नारिंगी-तांबडे घोस येतात. बकुळ पहाटे फुलं टाकते, म्हणून झाडाखालची जमीन सकाळीच पाहावी. दहानंतर झाडलोट झालेली असते.

कारंजी बहुतेक ठिकाणी कोरडी दिसतील. जुनं कारंजं पंपावर चालत नसे. उंच टाक्यातलं पाणी नळातून खाली येई आणि स्वतःच्या दाबाने उडे. धार टाक्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर कधीच जात नाही, नळातल्या घर्षणामुळे थोडी खालीच राहते. टाकं बारा फुटांवर असेल तर आठ-नऊ फुटांची धार म्हणजे उत्तम काम. ती बंद पडते ती क्षारांनी तोटी बुजल्यामुळे, सांध्यांत मुळं शिरल्यामुळे, किंवा टाकं भरणारी विहीरच आटल्यामुळे. विजापूरला शहरभर नळ खेळवताना वाटेत दगडी मनोरे बांधले होते, त्यांना गंज म्हणतात. पाण्याचा दाब तिथे मोडायचा आणि गाळ खाली बसायचा. कारंज्यांच्या मागचं हे शास्त्र डोळ्यांनी पाहायचं असेल तर ते गंज जरूर पाहा.

हिरवळ सुकलेली दिसली तर माळ्याला दोष देऊ नका. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे एका गुंठ्याला जवळपास ५०० लिटर.

प्रश्न : सावंतवाडीचा राजवाडा पावसाळ्यात पाहावा का? (वडगाव, बेळगाव)

राजवाडा पाहावा, घाटाची मात्र काळजी घ्यावी. शिनोळी-आंबोली मार्गावर जुलै-ऑगस्टमध्ये दाट धुकं असतं आणि दरडी येतात. सकाळी नऊनंतर घाटात शिरा, अंधाराआधी वर या. आंबोलीच्या धबधब्याशी शनिवार-रविवार वाहनं तासन्‌तास अडकतात, म्हणून मधला वार बरा. वाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना दिसले तर तिथे सावकाश थांबा. ही कला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुन्हा उभी केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर त्या भागात सुरंगीचा बहर मिळेल.

प्रश्न : ज्या वाड्यांत अजून घरची माणसं राहतात, तिथे कसं जावं? (गडहिंग्लज)

आधी निरोप पाठवून. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून विचारून घ्या, चार-पाच जणांपेक्षा जास्त जाऊ नका, दुपारी एक ते चार टाळा. देवडीत, म्हणजे दरवाजालगतच्या जागेत, थांबा, आत बोलावल्याशिवाय चौक ओलांडू नका. देवघर, माजघर आणि घरातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. झोपाळ्यावर बसण्याआधी कड्या बघा, जुन्या तुळईला वाळवी असते. परसातलं फूल तोडू नका, खाली पडलेलं विचारून घ्या. जाताना पैसे पुढे करू नयेत. फळं किंवा कुंदा न्यावा.

प्रश्न : आमचा जांभ्याचा वाडा बघायला लोक येतात. पाच वर्षांपूर्वी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, आता तो फुगून पडतो आहे आणि भिंतीला लोणा (पांढरे क्षार) आला आहे. पुन्हा काय करावं? (खानापूर तालुका)

सिमेंट पुन्हा लावू नका. जांभा जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते, सिमेंट ती कोंडते. पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा ढकलून पाडतात. सोबत जांभ्याचा पापुद्राही निघतो, आणि खरं नुकसान ते आहे.

आधी ओलीचं मूळ शोधा. फुटलेलं कौल, भिंतीलगत तुंबणारी पागोळी, अंगणात भर टाकून जोत्यापेक्षा उंच झालेली माती. हे दुरुस्त केल्याशिवाय कुठलाही गिलावा टिकणार नाही. मग सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढा, सांधे इंचभर खोल मोकळे करा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. भिंत एक उन्हाळा तशीच उघडी वाळू द्या. पाहुणे येणार म्हणून हा उन्हाळा गाळण्याचा मोह होतो; तो आवरा.

चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विझवताना पाणी उकळतं आणि उडतं. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे हवेत, मुलं लांब. कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी नाही. विझलेला चुना गाळून, वर पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरवा. तीन महिने मुरला तर फार उत्तम. न विझलेला खडा राहिला तर तो नंतर भिंतीत फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. एक भाग मुरलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. जोत्याजवळ ओल जास्त असेल तिथे वाळूतला अर्धा भाग काढून विटांची सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) घाला. हिरड्याचं पाणी आणि गूळ जुने गवंडी घालत. तुमच्याकडे जाणता गवंडी असेल तर त्याच्या हाताने घाला, नाहीतर वगळा. गूळ जास्त झाला की मुंग्या लागतात आणि बुरशी येते.

भिंत आधी ओली करा. एक थर ८ ते १० मिलिमीटर, त्याहून जाड नको, तडे जातात. पहिला कडक झाल्यावर दुसरा. आठवडाभर ओलं गोणपाट बांधून ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ निवडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर आत, म्हणून पहिला पावसाळा त्या भिंतीवर ताडपत्री किंवा झडप बांधा. शेवटी चुन्याची सफेदी, पातळ, तीन हात. प्लास्टिकचा रंग किंवा ऑइलपेंट त्यावर मारू नका, नाहीतर ओल पुन्हा आतच कोंडेल.