धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर झाडी पुन्हा उभी करता येते का?

आपला प्रश्न असा आहे की उन्हाळ्यात जलाशयाच्या कडेने जो उजाड पट्टा उघडा पडतो, तेथे पावसाच्या तोंडावर रोपे लावल्यास ती जगतील का. पट्ट्याच्या अगदी वरच्या कडेला जगतील. खाली मात्र बहुधा नाही, आणि त्याला कारण लावणीची वेळ आहे.

आमच्या भागातील एका धरणावर आम्ही काही जणांनी जुलैत करंज आणि जांभूळ लावले होते. सप्टेंबरात धरण भरले, तेव्हा आधाराच्या काठ्यांची टोके तेवढी पाण्यावर उरली. फेब्रुवारीत जाऊन पाहिले, तर रोपांची मुळे काळी पडून कुजली होती. त्याच आळ्यांतून हरळी मात्र फुटून आली होती.

नदीचा पूर काही दिवसांत ओसरतो आणि काठची झाडे तेवढे सोसतात. जलाशयात तीच मुळे महिनोन्महिने प्राणवायूवाचून राहतात आणि लगेच पुढे त्यांना एप्रिल-मेचे ऊन गाठते. हरळी टिकते ती जमिनीखालच्या खोडात साठवलेल्या पिठूळ अन्नावर. चीनमध्ये यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणाची पातळी हिवाळ्यात १७५ मीटर आणि उन्हाळ्यात १४५ मीटर असते. त्या ३० मीटरच्या पट्ट्यात टिकून राहिलेल्या वनस्पतींमध्ये आपली हीच हरळी आहे. तेथील काठ थंडीच्या दिवसांत बुडतो, आपला मात्र पावसाळ्यातील उबदार पाण्यात, ज्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. म्हणून तेथे एखादी वनस्पती जितके महिने पाण्याखाली तगते, तितके महिने येथे तगेल असे धरून चालू नये.

म्हणून प्रथम पाटबंधारे शाखेकडून मागील काही वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी मागून घ्याव्यात आणि कोणती पातळी वर्षाकाठी किती दिवस बुडते, त्यानुसार काठावर खुंट्या माराव्यात. पूर्ण संचय पातळीच्या (धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जेथवर येते त्या रेषेच्या) वर उंबर, जांभूळ व करंज लावावेत. त्याच्या किंचित खाली बाभूळ चालते (भरतपूरच्या पाणथळीत ती पाण्यात उभी असते आणि वर पक्ष्यांची घरटी असतात). तरीही ती मातीच्या उंचवट्यावर लावावी. वाळुंजाची पुरुषभर उंचीची छाटे पाणी उतरत असतानाच ओल्या गाळात खोल रोवावीत, म्हणजे पुढच्या बुडीपूर्वी मुळे धरायला काही महिने मिळतात. त्याहून खाली हरळी आणि लव्हाळ्याशिवाय काही लावू नये. बेशरम आपोआप पसरते. ती फांदीच्या तुकड्यापासूनही रुजत असल्याने उपटून काठावर टाकू नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. हाच पट्टा अनेक ठिकाणी गाळपेरीसाठी दिलेला असतो आणि तेथे हरभरा किंवा कलिंगड घेणारे शेतकरी दरवर्षी नांगर घालतात. लावणीची जागा त्यांच्याबरोबर बसून ठरवली नाही, तर पुराआधी नांगरानेच रोपे जातील.