बुटांचे मुखवटे आणि काचेची पेटी

प्रश्न : कॅनडाचे शिल्पकार ब्रायन युंगन यांनी खेळाचे बूट उसवून केलेल्या मुखवट्यांची छायाचित्रे पाहिली. ज्यात ना कोरलेले लाकूड, ना कोणता विधी, त्याला आदिवासी कला कोणत्या अर्थाने म्हणायचे? – एक वाचक

उत्तर : आदिवासी कलावंताच्या हातून आदिवासी ‘दिसणारी’च वस्तू घडावी, ही अपेक्षा आपल्या प्रश्नात दडलेली आहे आणि युंगन यांनी नेमके तिलाच कामाला लावले आहे. १९९८ ते २००५ या काळात त्यांनी ‘नायकी’ कंपनीच्या ‘एअर जॉर्डन’ बुटांपासून २३ मुखवटे केले. २३ हा, ज्यांच्या नावाने हे बूट निघाले त्या बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या जर्सीवरील क्रमांक. लाल, काळा आणि पांढरा हे त्या बुटांचे रंग कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोरीव मुखवट्यांतही ठळक असल्यामुळे पाहणारा क्षणभर फसतो. गंमत अशी की, युंगन आईकडून डाने-झा समाजाचे आणि हा समाज किनाऱ्यापासून दूर, अंतर्भागात राहणारा. म्हणजे हे मुखवटे त्यांच्या घरच्या परंपरेतले नाहीतच. बाहेरच्यांनी ‘आदिवासी’ म्हणून जो एकच साचा पक्का करून ठेवला, तोच त्यांनी बाजारातल्या महागड्या वस्तूत ओतून परत केला.

हे मुखवटे काचेच्या पेटीत मांडले जातात, आणि माझ्या मते निम्मी कलाकृती ती पेटीच आहे. किनाऱ्यावरील समाजांच्या ‘पॉटलॅच’ या दानसोहळ्यावर १८८५ ते १९५१ कायद्याने बंदी होती. १९२१ च्या एका मोठ्या सोहळ्यानंतर त्यात सहभागी झालेल्यांवर खटले भरले गेले, आणि त्यांचे मुखवटे सरकारच्या ताब्यातून संग्रहालयांत व संग्राहकांकडे गेले. जे नाचवायचे, ते नुसते पाहायचे झाले.

अमेरिकेतील लुइसेन्यो समाजाचे जेम्स लूना यांनी तर १९८७ मध्ये सॅन डिएगोच्या एका संग्रहालयात स्वतःलाच पेटीत मांडले. ते वाळूवर निश्चल पडून राहिले आणि अंगावरील व्रणांची माहिती शेजारच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली होती. तिथेही लाकूड वा विधी नव्हता. पण कोणी कोणाला मांडायचे, हा प्रश्न त्यांच्या समाजाने सोसलेला होता. युंगन यांच्या कामाला मी आदिवासी कला म्हणतो, ते याच अर्थाने.

जप्त मुखवट्यांपैकी बरेचसे पुढे परत मिळाले. त्यांच्यासाठी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अलर्ट बे या गावी १९८० मध्ये उमिस्ता हे केंद्र उघडले, आणि तिथे ते काचेविना, उघडे मांडले आहेत.