‘ए४’ची नोंद करताना

‘ए४’सारखा अक्षर-आकड्याचा एकच संकेत अनेक वेगवेगळ्या वस्तूंना असतो. अशा संकेतांची यादी करताना सगळे एकदम गोळा करू नका. एकच घ्या, ‘ए४’ सरावाला उत्तम. नुसता संकेत कधीच लिहायचा नाही. वस्तू कोणती आणि संकेत कोणाचा, हे सोबत हवंच:

- वाफेचं इंजिन, ब्रिटनची एलएनईआर रेल्वे कंपनी: यातल्याच ‘मॅलार्ड’ने १९३८ मध्ये ताशी १२६ मैल गाठले
- मोटार, ऑडी: १९९४
- चिप, अ‍ॅपल: २०१०, पहिला आयपॅड
- स्टेनलेस बोल्ट: डोक्यावर ‘ए४-७०’

बोल्टपाशी नवखे हमखास फसतात. ७० हा व्यास नव्हे, किमान ताणबल (तुटण्याआधी सोसता येणारा ताण) ७०० मेगापास्कल असा त्याचा अर्थ. व्यास ‘एम८’ असा वेगळा सांगतात.

हायफन मूळ नावात असेल तसाच ठेवा: ‘ए-४’ म्हणजे अमेरिकी नौदलाचं स्कायहॉक विमान. शोधताना मात्र हायफनसह, जागा सोडून आणि सलग, तिन्ही टाकून बघा.

आणि आकड्यांत नातं शोधत बसू नका (मोह होतोच!). कागदातला ४ म्हणजे ए० चार वेळा निम्मा केलेला; ऑडीचा ४ गाडीचा वर्ग सांगतो. रस्ते, रॉकेट वगैरे नंतर बघू. आधी या चार नोंदी नीट लिहून दाखवा.